न पाहता ठेवलेली नावे

आपल्या विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी लेख लिहिण्याची सूचना झाली, तेव्हा विषय निवडण्याची मुभा आम्हांस देण्यात आली होती. आम्ही ‘घुबड’ हा विषय कळविला. मंगल प्रसंगी निघणाऱ्या ग्रंथात घुबडावर लेख असावा काय, अशी शंका कोणाच्या मनात आली असल्यास ती स्वाभाविक आहे. आणि खरे तर त्या शंकेविषयीच आम्हांस लिहावयाचे आहे. ज्या पक्ष्याला बहुतेकांनी नीट पाहिलेलेही नसते, त्याच्याविषयी सर्वांचे मत मात्र इतके पक्के कसे असते? गेली बारा वर्षे गिरगाव, दादर, परळ आणि लालबाग या भागांत रात्री हिंडून, थांबून आणि ऐकून आम्ही घुबडे पाहिली व जमतील तशी त्यांची छायाचित्रे घेतली. त्या पाहण्यातून जे हाती लागले, ते येथे मांडतो.

आम्ही म्हणजे या विद्यालयाच्या एकाच तुकडीतून बाहेर पडलेले चौघे जण. एक छापखान्यात, एक बेस्टमध्ये, एक महापालिकेच्या शाळेत शिक्षक आणि एक रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत. चौघांचेही वडील गिरणीत होते. वसतिगृहात असताना सायंकाळच्या वंदनेनंतर आवारातल्या वडावरून ‘चिर्रर, चिर्रर’ असा जो कलकलाट ऐकू येई, तो पिंगळ्याच्या जोडीचा, हे आम्हांस आमच्या शास्त्राच्या गुरुजींनी सांगितले होते. नाव कळले की भीती निम्मी होते. उरलेली निम्मी घालविण्यासाठी प्रत्यक्ष पाहावे लागते. ते काम नोकरीधंद्याला लागल्यावर सुरू झाले. फोर्टातील बोरा बाजारातून एक जुना कॅमेरा आणि एक लांब पल्ल्याची लेन्स आम्ही चौघांत मिळून घेतली. आजही ती सामाईक आहे आणि ज्याची रात्रपाळी नसेल त्याच्या घरी राहते.

मुंबईसारख्या शहरात घुबडे कोठे असणार, असे विचारले जाते. ती आपल्याला वाटते त्यापेक्षा बरीच जवळ असतात. आमच्या भागात मुख्यतः दोन जाती भेटतात. पहिला पिंगळा. मैनेपेक्षा अंमळ गुटगुटीत, करड्या-तपकिरी अंगावर पांढरे ठिपके आणि पिवळे, वटारलेले वाटणारे डोळे. जुन्या वडा-पिंपळांच्या आणि पर्जन्यवृक्षांच्या ढोलीत तो जोडीने राहतो. भायखळ्याची राणीची बाग, शिवाजी पार्कच्या कडेची झाडे, दादर-माटुंग्याच्या पाच उद्यानांचा परिसर, अशी जुनी झाडे जेथे टिकली आहेत तेथे कान देऊन उभे राहावे. पिंगळा दिवसाही पूर्ण झोपत नाही. ढोलीच्या तोंडाशी बसून तो आपल्यालाच न्याहाळत असतो, आणि नजरानजर झाली की मान खालीवर करतो. कंदील घेऊन पहाटे दारोदार भविष्य सांगत फिरणाऱ्या भिक्षेकऱ्यालाही आपल्याकडे पिंगळाच म्हणतात, कारण या पक्ष्याची भाषा त्याला कळते अशी समजूत होती.

दुसरे गव्हाणी घुबड. गव्हाण म्हणजे गोठ्यातील गुरांच्या चाऱ्याची जागा. जेथे धान्य आणि चारा, तेथे उंदीर, आणि जेथे उंदीर तेथे हे घुबड. नाव ठेवणाऱ्याने येथे तरी पाहून नाव ठेवले आहे. हे आकाराने पिंगळ्याच्या दीडपट मोठे असते. पाठ सोनेरी-राखी, पोट पांढरे आणि चेहरा बदामाच्या आकाराचा, पांढराशुभ्र. त्याचे ओरडणे म्हणजे कर्कश किंचाळी, आणि पिल्लांचे मागणे म्हणजे कुकरच्या शिट्टीआधी येणारा लांबलचक फुत्कार. गिरणगावात गाई-म्हशींचे गोठे पूर्वी होते, पण या घुबडाची खरी गव्हाण ठरली ती गिरण्यांची गोदामे. उंच भिंती, करवतीच्या दात्यांसारखी छपरे, फुटक्या काचांचे झरोके आणि खाली उंदीर. तिसऱ्या पाळीला जाणाऱ्या आमच्या वडिलांच्या पिढीने ही पांढरी आकृती आवाज न करता डोक्यावरून जाताना पाहिली होती. गिरणीत भूत आहे, ही गोष्ट लालबाग-परळच्या बहुतेक चाळींत सांगितली जाई. त्यातली निदान काही भुते पंखांची होती, याविषयी आता आम्हांस शंका उरलेली नाही.

घुबड शोधावयाचे तर वर पाहण्याआधी खाली पाहावे. भिंतीवर चुन्यासारखे पांढरे ओघळ आणि त्यांच्या तळाशी अंगठ्याएवढ्या काळपट गोळ्या दिसल्या की समजावे. घुबड भक्ष्य बहुधा अखंड गिळते आणि न पचलेली हाडे व केस यांची गोळी करून ओकून टाकते. आम्ही अशी एक गोळी पाण्यात भिजवून सोडविली, तेव्हा तिच्यात उंदरांच्या तीन कवट्या आणि एका चिचुंद्रीचा जबडा मिळाला. दुसरी खूण कावळ्यांची. भर दुपारी एखाद्या झाडाभोवती कावळ्यांनी आकांत मांडला, तर त्याच्या मधोमध बहुधा एखादे घुबड डोळे मिटून बसलेले असते.

कावळ्यांच्या या वैराची कथा जातकांत आहे. उलूक जातकात सर्व पक्षी मिळून घुबडाला राजा करावयाचे ठरवितात. तशी घोषणा होते, आणि तेवढ्यात कावळा उठून हरकत घेतो. हरकत काय, तर आनंदाच्या प्रसंगी याचे तोंड असे, मग हा रागावला म्हणजे कसे दिसेल! एवढ्या एका वाक्यावर घुबडाचे राज्य जाते आणि सुवर्णहंस राजा होतो. कथेचे तात्पर्य वैर कसे उत्पन्न होते याविषयी आहे. आमचे लक्ष मात्र दर वेळी कावळ्याच्या युक्तिवादावर खिळते. त्याने घुबडाच्या आचरणाविषयी एक अक्षरही काढलेले नाही. त्याचा सगळा आरोप चेहऱ्यावर आहे.

हाच युक्तिवाद पुढे समाजानेही उचलला. घुबड घरावर बसले तर कोणी तरी जाणार. त्याला दगड मारला तर ते तो दगड उगाळते आणि दगड झिजेल तसा मारणारा झिजतो. सकाळी त्याचे तोंड पाहू नये. आमच्या आज्यांनी या गोष्टी आम्हांस सांगितल्या, आणि त्याच आज्यांनी हेही सांगितले की गावात त्यांच्या आईवडिलांचे तोंड सकाळी दिसणे काही लोक अशुभ मानीत, त्यांची सावली चुकवीत. न पाहता, न बोलता, न जाणता एखाद्याला अशुभ ठरविण्याची रीत किती जुनी आणि किती सोपी आहे, हे आपल्या विद्यालयातून गेलेल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. पक्ष्याचे दुःख आणि माणसाचा अपमान यांची बरोबरी आम्ही करीत नाही. परंतु दोन्हींच्या मुळाशी असलेली मनाची सवय एकच आहे, आणि एके ठिकाणी ती पोसली की दुसरीकडेही ती पोसली जाते, एवढे आमचे निरीक्षण आहे.

या समजुती निरुपद्रवी नाहीत. काही प्रांतांत घुबड लक्ष्मीचे वाहन मानले जाते, आणि म्हणूनच दिवाळीच्या सुमारास गुप्तधन, वशीकरण आणि करणी यांच्या नावाखाली त्याचा बळी देण्यासाठी त्याला पकडले जाते. वन्यजीवांच्या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या ‘ट्रॅफिक’ या संस्थेने २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील घुबडांच्या ३० जातींपैकी १५ जाती चोरट्या व्यापारात आढळल्याचे नोंदविले होते. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबड मारणे, पकडणे, विकणे, इतकेच नव्हे तर त्याचे घरटे वा अंडी यांना उपद्रव देणे हाही गुन्हा ठरविला आहे. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदाही झाला. कायदा हात धरू शकतो. डोळे उघडण्याचे काम मात्र शिक्षणाचे आहे.

तेव्हा घुबड प्रत्यक्षात कसे आहे, ते पाहू. ज्या चेहऱ्यावर कावळ्याने आक्षेप घेतला, तो चेहरा म्हणजे ध्वनी गोळा करणारी एक बशी आहे. चेहऱ्याभोवतीची ताठ पिसे बारीकसा आवाज कानांकडे वळवितात. गव्हाणी घुबडाच्या दोन्ही कानांची छिद्रे एका पातळीवर नसतात. एक थोडे वर, एक थोडे खाली. त्यामुळे आवाज उजवीकडून की डावीकडून एवढेच नव्हे, तर वरून की खालून हेही त्याला कळते. अमेरिकेतील शास्त्रज्ञ रॉजर पेन यांनी पूर्ण काळोख केलेल्या खोलीत पाचोळा पसरून त्यात उंदीर सोडला, आणि गव्हाणी घुबडाने तो केवळ सळसळीवरून अचूक पकडला. घुबडाचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, म्हणून निसर्गाने मान फिरविण्याची सोय केली. माणसाच्या मानेत ७ मणके असतात, घुबडाच्या १४. त्यामुळे ते मान सुमारे २७० अंशांपर्यंत वळवू शकते. पंखांच्या पुढच्या कडेला कंगव्यासारखी झालर असते. तिने हवा कापली जाताना होणारा आवाज मोडतो. मुंडके उलटे फिरविणारे, आवाज न करता उडणारे ‘भूत’ ते एवढेच.

आता उंदरांकडे वळू. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली आणि या शहराने उंदराचे भय कायमचे मनात साठविले. प्लेगवरील लस तयार करणाऱ्या डॉ. हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली परळच्या जुन्या राजभवनात आली. आजची हाफकिन संस्था ती हीच. आजही महापालिकेच्या कीटकनाशक खात्याचे मूषक संहारक हातात काठी आणि विजेरी घेऊन रात्रभर गल्ल्यांतून फिरतात, आणि एका रात्रीत ३० उंदीर मारणे हे त्यांच्या कामाचे माप असते. आमच्या रात्रीच्या फेऱ्यांत ते अनेकदा भेटले. त्यांच्यापैकी एका काकांना आम्ही घुबडाचे छायाचित्र दाखविले, तेव्हा ते म्हणाले, “ह्याला पगार कोण देतं?” विनोद खरा होता. पिल्ले असलेली गव्हाणी घुबडांची जोडी रात्रीतून कितीदा तरी उंदीर घेऊन येते. मलेशियात तेलमाडाच्या मळ्यांत आणि इस्रायलमधील शेतांत या घुबडांसाठी लाकडी पेट्या बांधल्या जातात, त्या उंदरांसाठी विष कमी वापरावे लागावे म्हणून. विषाने मेलेला उंदीर घुबडाने खाल्ला की ते विष घुबडालाही भोवते. ज्याला आपण अशुभ म्हणतो, ते आपलेच काम करीत असते, आणि आपल्याच विषाने मरते.

पक्ष्यांना नीट पाहण्याची परंपरा आमच्या या भागाला नवी नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची स्थापना १५ सप्टेंबर १८८३ रोजी भायखळ्याच्या संग्रहालयात झाली. आज ते डॉ. भाऊ दाजी लाड यांच्या नावाने ओळखले जाते. जमलेल्या आठ जणांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे भारतीय होते. गिरगावात प्रार्थना समाज उभा करणारे आत्माराम पांडुरंग ते हेच. पक्षितज्ज्ञ सालिम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ चा. त्यांचे बालपण गिरगावाजवळच्या खेतवाडीत गेले. बालपणी त्यांच्या हाती एक चिमणी लागली आणि तिच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ती कोणती, हे घरात कोणाला सांगता येईना, तेव्हा ते सोसायटीत जाऊन विचारते झाले. एका मुलाने न कळणाऱ्या गोष्टीला मनचे नाव न देता जाणत्याला जाऊन विचारले, येथून भारतीय पक्षिशास्त्राचे एक पर्व सुरू झाले.

घुबडांच्या बाबतीत खोट्या नावाचा फटका शास्त्रालाही बसला, त्याची कथा येथे सांगितली पाहिजे. १८७३ साली ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम यांनी पिंगळ्याच्या एका वेगळ्या जातीचे वर्णन केले. तोच आपला रानपिंगळा. हे ह्यूम म्हणजे १८८५ साली गिरगावापासून चालत जाण्याच्या अंतरावर, गवालिया टँकच्या गोकुळदास तेजपाल पाठशाळेत भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या पहिल्या अधिवेशनाचे प्रवर्तक. रानपिंगळ्याचे मोजकेच नमुने जमले, त्यांतले शेवटचे १८८४ पर्यंतचे, खानदेशातले. त्यानंतर तो कोणाला दिसेना. मात्र एका संग्रहात १९१४ साली गुजरातेत मिळाल्याची चिठ्ठी लावलेला एक नमुना होता. तो कर्नल माइनर्ट्झहागेन या नामांकित इंग्रज संग्राहकाचा, म्हणून त्या चिठ्ठीवर शंका कोण घेणार? पुढे अमेरिकन संशोधिका पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला आणि तो दुसऱ्याच संग्राहकाचा, संग्रहालयातून चोरून नवी चिठ्ठी लावलेला आहे, हे सिद्ध केले. ती खोटी जागा वगळून त्या आणि त्यांचे सहकारी जुन्या, खऱ्या ठिकाणांकडे वळले. आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सातपुड्याच्या पायथ्याशी शहाद्याजवळ एका उघड्या फांदीवर, भर उजेडात, रानपिंगळा बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. जिवंत रानपिंगळ्याचे छायाचित्र घेतले गेले ते तेव्हा. पुढे मेळघाटात आणि इतरत्र तो सापडला. २०१४ साली तर तानसा अभयारण्यातही. १८९२ पासून मुंबई ज्या तानसाचे पाणी पीत आली आहे, त्याच तलावाच्या रानात.

रानपिंगळा लपला नव्हता. चुकीच्या चिठ्ठीमुळे पाहणारे भलतीकडे पाहत होते. अशुभाची चिठ्ठी आणि ही संग्रहातील चिठ्ठी, दोन्ही आम्हांस एकाच जातीच्या वाटतात. दोन्ही कोणी तरी मोठ्याने लावलेल्या असतात, आणि दोन्ही काढावयाच्या तर स्वतः जाऊन पाहण्याखेरीज मार्ग नसतो. ‘एहिपस्सिको’, ये आणि पाहा, हा शब्द आपण रोज वंदनेत म्हणत आलो. त्याचा व्यवहारातील अर्थ आम्हांस रात्री गॅलरीत बसून थोडाफार उमगला.

छायाचित्र घेणे म्हणजेही पाहणेच. परंतु त्याला शिस्त हवी. पाळता पाळता आमचे काही नियम ठरून गेले. फ्लॅश वापरावयाचा नाही, कारण काळोखाला सरावलेल्या डोळ्यांवर तो अकस्मात पडणारा प्रहार आहे. रस्त्याच्या दिव्याचा उजेड पुरतो. आयएसओ ३२०० वर नेऊन, कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा गॅलरीच्या कठड्यावर उशी ठेवून तिच्यावर टेकवून, शटर हळू ठेवले तर दहांतली एक प्रतिमा स्थिर येते, नऊ पुसावयाच्या. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलवावयाचे नाही. तो आपल्या हद्दीत शत्रू आला समजून शिकार सोडतो. घरट्यासमोरची फांदी तोडावयाची नाही. ती फांदी आपल्याला अडचण असते, पिल्लांना पडदा असतो. पक्षी ताठ, बारीक होऊन बसला किंवा सारखा आपल्याकडेच पाहू लागला, तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे फिरावे. इंग्लंडचे विख्यात पक्षी-छायाचित्रकार एरिक हॉस्किंग यांनी १९३७ साली घुबडाच्या घरट्याजवळ गेले असता डावा डोळा गमावला. पिल्लांसाठी झेपावलेल्या मादीच्या नखीने तो गेला. पुढे पन्नास वर्षे त्यांनी एका डोळ्याने छायाचित्रे घेतली, आणि घुबडांची घेणे सोडले नाही. घुबडाला दोष देऊन ते थांबले नाहीत, हे आम्हांस त्यांच्या छायाचित्रांइतकेच मोठे वाटते.

शेवटचा नियम ठिकाण न सांगण्याचा. तो का, हे एका आश्विनातील प्रसंगाने सांगतो.

आमच्यापैकी एकाच्या चाळीच्या मागे एका बंद गिरणीची भिंत होती. १९८२ च्या संपानंतर जे भोंगे गप्प झाले, त्यांतला तिचाही. भिंतीपलीकडच्या गोदामाच्या झरोक्यात गव्हाणी घुबडांनी संसार थाटला होता. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून तो झरोका साठेक फुटांवर दिसे. आम्ही गॅलरीत बसू लागलो, तेव्हा चाळीतील एक वृद्ध अण्णा संतापले. “पोरांनो, त्याचा फोटू काय काढताय? चाळीवर अवदसा आणाल!” ते त्याच गिरणीत साचेखात्यात तीस वर्षे होते. आम्ही वाद घातला नाही. एके रात्री कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर त्यांना चित्र दाखविले. झरोक्यात ओळीने पाच पिल्ले, थोरले जवळजवळ पूर्ण वाढलेले, धाकटे कापसाच्या बोळ्याएवढे. घुबड अंडी एकदम घालीत नाही, दोन-तीन दिवसांच्या अंतराने घालते. म्हणून पिल्ले जिन्याच्या पायऱ्यांसारखी दिसतात. अण्णांनी चष्मा लावून पाहिले, बोटाने मोजली आणि विचारले, “आई किती वाजता येते?” त्यानंतर रोज रात्री नऊला ते खुर्ची घेऊन येऊ लागले. कोणते पिल्लू किती वेळा जेवले, याचा हिशेब त्यांनी गिरणीतल्या हजेरीसारखा ठेवला.

आणि मग भिंतीपलीकडे यंत्रे आली. गोदाम पाडावयाचे होते. गिरण्यांच्या जमिनींचे काय झाले, ते या भागातील प्रत्येक घराला ठाऊक आहे. त्यावर येथे लिहीत नाही. प्रश्न सहा आठवड्यांचा होता, कारण तेवढ्यात पिल्ले उडण्याजोगी झाली असती. छायाचित्रांच्या प्रती आणि कायद्यातील घरट्याविषयीचे कलम घेऊन आम्ही कामावरच्या अभियंत्यांना भेटलो, वनखात्यालाही अर्ज दिला. त्याच आठवड्यात एका परिचिताने सुचविले की, चित्र वर्तमानपत्रात छापून आणू, गिरणीचे नाव घालू, म्हणजे दबाव येईल. दिवाळी बारा दिवसांवर होती. नाव छापले असते तर कदाचित यंत्रे थांबली असती. परंतु त्या बातमीचा कागद घेऊन पिंजरेवालेही भिंतीशी आले असते. आम्ही चौघे त्या रात्री गॅलरीत बराच वेळ बोललो, आणि दोन गट पडले. शेवटी अण्णा म्हणाले, “आमच्या संपात सगळं पेपरात आलं होतं. त्यानं काय झालं?” तो युक्तिवाद सर्वथा बरोबर होता असे नाही; पण निर्णय झाला. चित्र छापले नाही.

अभियंता तरुण होता आणि त्याने आधी हसून घेतले. मग मुकादमाला घेऊन तो स्वतः गॅलरीत आला. एक तास बसला. दोनदा घुबड उंदीर घेऊन आले. खाली जाताना त्याने मुकादमाला सांगितले, की काम पूर्वेच्या टोकापासून सुरू करा, हा भाग शेवटी घेऊ. वनखात्याचे पत्रही पुढे आले. दिवाळीचे चार दिवस चाळीतील मुलांनी मागच्या बाजूला फटाके वाजविले नाहीत. ते त्यांना कोणी सांगितले, हे आम्ही विचारले नाही. धाकटे पिल्लू जगले नाही. उरलेली चार एकेक करून नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत उडाली. जानेवारीत गोदाम गेले. आज तेथे उंच इमारत आहे, आणि त्या जागी पुन्हा घुबड दिसलेले नाही. मार्चमध्ये एका रात्री रस्त्याच्या दिव्यावरून एक पांढरा पंख निःशब्द गेला. तो त्या चारांपैकी कोणाचा होता काय, हे सांगता येणार नाही. सहा आठवडे मिळाले, घर मिळाले नाही. याला आम्ही विजय म्हणत नाही. परंतु त्या चाळीत घुबडाला अवदसा म्हणणारे आता कोणी नाही, आणि ही गोष्ट लहान नव्हे.

असे काम संघटितपणेही होऊ शकते. पुणे जिल्ह्यात पुरंदर तालुक्यातील पिंगोरी या गावी डॉ. सतीश पांडे यांच्या इला फाउंडेशनने २०१८ साली भारतीय उलूक महोत्सव भरविला. एका लहानशा गावात मुलांनी घुबडांची चित्रे काढली, मुखवटे केले, गाणी म्हटली. ज्या पक्ष्याच्या नावाने मुलांना भीती घालीत, त्याच्या नावाने गावात उत्सव झाला. आपल्या विद्यालयाने असा एक दिवस पाळावा, अशी आमची नम्र सूचना आहे.

विद्यार्थी मित्रांनो, त्यासाठी कॅमेरा लागत नाही. एक वही, पेन्सिल आणि स्वस्थ बसण्याची तयारी पुरे. आवारातल्या वडावर अजून पिंगळ्यांची जोडी आहे. गेल्या संमेलनाला आलो असता आम्ही ती पाहिली. संपादक मंडळाला दिलेले छायाचित्र तिचेच असून, त्याखाली ठिकाण छापू नये अशी विनंती आम्ही केली आहे. तुम्हीही ते बाहेर सांगू नका. दिवेलागणीला तिघे-चौघे मिळून झाडापासून दूर बसा. पिंगळा किती वाजता ढोलीबाहेर आला, कोणत्या फांदीवर बसला, काय खाल्ले, किती वेळा ओरडला, एवढेच लिहा. जे दिसले नाही ते लिहू नका. महिनाभराची अशी वही झाली की ती गुरुजींना दाखवा आणि सुटीत घरी नेऊन आजीला वाचून दाखवा. ती प्रथम रागावेल. मग बहुधा विचारील, “पिल्लं किती आहेत?”